सागवानी हॉल आणि माझ्या टाचा

घर बांधणाऱ्या पुरुषाला प्रत्यक्ष काम एकच असतं, पाणी मारणं. भिंती गवंडी बांधतो, दारं सुतार बसवतो, नळ प्लंबर जोडतो. मालकानं सकाळी बनियनवर यायचं, लुंगी गुडघ्यापर्यंत खोचायची, पाइप हातात धरून ओल्या सिमेंटवर पाणी मारायचं आणि मग दिवसभर भेटेल त्याला सांगायचं की घर मी उभं केलं. आमच्या यांनी केडगावचं घर असंच उभं केलं.

हे नोकरीत होते तोवर आम्ही भिंगारला क्वार्टरमध्ये राहायचो. लष्कराच्या डेपोत हे स्टोअरकीपर, वर्दी न घालणाऱ्यांतले. जवानांना बूट आणि ब्लँकेटं काढून देणं हे काम, पण घरी आल्यावर रुबाब कर्नलचा. क्वार्टरच्या स्वयंपाकघरात शहाबादी फरशी होती. नगरची थंडी ज्यांनी पायाखाली घेतली आहे त्यांना त्या फरशीबद्दल वेगळं सांगायला नको. तिच्यावर उभं राहून मी उभी हयात पोळ्या लाटल्या आणि त्यात माझ्या टाचा गेल्या. सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल खाली टाकलं की टाचेत खिळा घुसल्यासारखं व्हायचं आणि भिंतीला हात लावून मी मोरीपर्यंत जायचे.

डॉक्टर म्हणाले, कडक फरशीवर अनवाणी उभ्या राहू नका, घरात मऊ चपला घाला. आता आमच्या घरी स्वयंपाकघरात चपला चालत नाहीत. देव्हारा तिथेच, त्यामुळे सासूबाईंचा तसा नियम होता. सासूबाई गेल्या, नियम राहिला, कारण तो यांनी चालवायला घेतला. स्वतः स्वयंपाकघरात पाणी प्यायलाही न येणारा माणूस तिथल्या सोवळ्याचा पहारेकरी झाला. मी गोणपाट घालून पाहिलं, गोधडीची घडी घालून पाहिली. घडी सरकायची आणि हातात उकळत्या आमटीचं पातेलं असायचं.

केडगावला प्लॉटवर काम सुरू करायचं ठरलं तेव्हा मी एकच गोष्ट मागितली. म्हटलं, "अहो, ओट्यासमोर मी उभी राहते तेवढ्या जागेत लाकूड टाका. माझ्या टाचांना बरं पडेल." यांनी पेपरचं पान उलटलं. पुढे कधीतरी पुन्हा म्हटलं, तेव्हा मोबाईल उचलला. मी म्हणायचे आणि हे काहीतरी उलटायचे किंवा उचलायचे. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मी माझ्यापुरती समजूत घालून घेतली की यांना एका विशिष्ट आवाजातलं ऐकूच येत नसावं. डेपोत लोखंडी रॅकचा खडखडाट फार असतो, कानावर परिणाम होत असेल. नवऱ्याला निर्दयी म्हणण्यापेक्षा बहिरा म्हणणं संसाराला सोयीचं असतं.

मग आम्ही पुण्याला गेलो. माझ्या धाकट्या बहिणीनं फ्लॅट घेतला होता. तिचे यजमान, म्हणजे यांचे साडू. साडू ही जात तुम्हाला माहीत असेल. दोन बहिणींशी लग्न करून दोन पुरुष एकमेकांच्या मागे आयुष्यभर का लागतात हे मला अजून कळलेलं नाही. साडूंनी आम्हाला दारातच मोजे काढायला लावले, कारण हॉलभर लाकडी जमीन होती.

"चाला साडूभाऊ, चालून बघा. लोण्यावर चालल्यासारखं वाटतंय की नाही? तुमच्या मेहुणीची पायाबद्दल कधी म्हणून तक्रार नाही."

मी चालून पाहिलं. खरं सांगते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बहीण ट्रेमध्ये सरबत घेऊन उभी होती, तिच्याकडे मी बघितलं आणि मनात म्हटलं, बाई, तू जिंकलीस. त्या दिवसापासून मी सख्ख्या बहिणीचा हेवा करायला लागले. तिचा फोन आला की आधी मला तिचे पाय दिसायचे.

परतीच्या वाटेवर हे गप्प होते. शिरूर गेलं तरी गप्प. सुपा मागे टाकल्यावर म्हणाले, "आपणही लाकडीच करायचं." माझा जीव केवढा हरखला म्हणून सांगू! वाटलं, ऐकू आलं वाटतं. तेवढ्यात पुढचे शब्द आले, "हॉलात. आणि साडूंचं ते पातळ पॉलिश मारलेलं काहीतरी आहे. आपण अस्सल सागवान टाकू."

गवंडी आमचा जवळच्याच खेड्यातला. तो म्हणाला, "सायेब, हितं लाकूड कशाला? कोटा टाका, लई टिकंल. लाकडाचं लई नखरं असत्यात." यांनी त्याला मोबाईलवर लाकडी जमिनीचे व्हिडिओ दाखवले. त्यानं ते पाहिले आणि कोबा करायला घेतला, कारण लाकूड घालायचं तरी खाली सिमेंटचा सपाट कोबा लागतोच. कोबा झाल्यावर तो म्हणाला, "आता आठवडाभर पानी मारा." झालं. यांना जे ऐकू येतं ते नेमकं ऐकू आलं.

लाकडी जमिनीचं काम करणारा माणूस पुण्याचा, साडूंकडूनच नंबर मिळवलेला, अर्थात कशासाठी ते साडूंना न सांगता. तो फोनवर म्हणाला होता, "सर, आठवडाभर क्युरिंग करा, ओके. पण त्यानंतर कोबा बोन ड्राय पाहिजे. महिना-दीड महिना थेंबभरसुद्धा पाणी नको. वरती प्लायचा थर येणार, त्यावर लाकूड. खालचा ओलावा अडकला तर सगळं वर येईल." हे "हो हो" म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी पाइप घेऊन हॉलात उभे राहिले.

आठवडा संपला तरी पाइप खाली ठेवीनात. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडून आम्ही आतल्या खोल्यांत राहायलाही आलो होतो, घराचं बाकी काम संपत आलेलं, पाणी मारायला दुसरं काही उरलेलं नव्हतं आणि या माणसाला सकाळी दुसरं काय करायचं ते माहीत नव्हतं. हॉलात कडेनं सिमेंट-वाळूच्या मसाल्याचा बांध घालून यांनी तळं केलं होतं. गव्हाला पाणी द्यावं तसं रोज त्यात पाणी सोडायचे आणि काठाला खुर्ची टाकून बसायचे. केडगावात नळाला पाणी कधी येतं ते आम्हीच जाणतो. मी भांडी विसळलेलं पाणी झाडांना साठवून ठेवत होते आणि इकडे साहेब हॉलात तलाव राखत होते.

मी म्हटलं, "अहो, त्या माणसानं सुकवायला सांगितलंय."

"सिमेंटला जितकं पाणी पाजशील तितकं ते घट्ट होतं. तुला काय कळतंय त्यातलं?"

एवढ्यात भटजींनी वास्तुशांतीचा मुहूर्त दिला. तो चुकला तर पुढे चातुर्मास. आणि मुख्य म्हणजे त्याच रविवारी साडूंना वेळ होता. मग धावपळ सुरू झाली. बांध फोडला, पाणी गोणपाटानं टिपलं, दोन पंखे लावले. कोबा वरून पांढरा दिसायला लागला तसा हे त्याच्यावर हात फिरवून म्हणाले, "खडखडीत." यांच्या हाताला कधी ओलं-सुकं कळलं असतं तर मी पडवीत वाळत घातलेले ओले कपडे यांनी घडी करून कपाटात ठेवले नसते.

पुण्याचा माणूस आपले सुतार घेऊन आला. गॉगल, खिशाला दोन पेनं, बोलण्यात चार शब्दांत तीन इंग्रजी. त्याच्याकडे ओलावा मोजायचं छोटं यंत्र होतं. ते त्यानं कोब्याला लावलं आणि ते ओरडायला लागलं.

"सर, कधीपासून ड्राय आहे हे?"

"महिना झाला," हे म्हणाले. डोळ्याची पापणी हलली नाही.

मी तिथेच उभी होते. म्हटलं, "परवा संध्याकाळपर्यंत पाणी होतं."

"ती बाथरूमचं सांगतेय," हे म्हणाले.

त्या माणसानं माझ्याकडे बघितलं, यांच्याकडे बघितलं आणि यंत्र बॅगेत टाकलं. "ओके सर. रिस्क तुमची." त्याला पुण्यात दुसरं काम गाठायचं होतं. त्या यंत्राला जेवढी लाज होती तेवढीही त्याला नव्हती, कारण ते बॅगेत गेल्यावरही थोडा वेळ ओरडत होतं.

मग काम झालं ते मात्र बघण्यासारखं झालं. आधी प्लास्टिकचा कागद, त्यावर प्लायचे मोठे तक्ते स्क्रूनं आवळले, त्यावर सागाच्या पट्ट्या. एका पट्टीची जीभ दुसरीच्या खाचेत बसायची आणि सुतार लाकडी ठोकळा लावून हातोडीनं हलकेच ठोकायचा. घरभर सागाचा वास सुटला. शेवटची पट्टी बसली त्या दिवशी मी अनवाणी हॉलातून उगाच चकरा मारल्या. टाचेला ठणका म्हणून नाही. खोटं कशाला बोलू, मला तिथेच बसून पोळ्या लाटाव्याशा वाटल्या.

"अगं, चालू नकोस त्याच्यावर," हे ओरडले. "रेघा पडतील."

माझ्या पावलांनी सागवानावर रेघा पडणार! म्हशीची पावलं आहेत की काय?

थोड्या पट्ट्या आणि प्लायचे तुकडे उरले. हे म्हणाले, माळ्यावर टाका, पुढेमागे लागतील. यांच्या माळ्यावर पुढेमागे लागतील अशा वस्तूंनी आमच्या दोघांच्या जागेपेक्षा जास्त जागा घेतली आहे. हे पत्रिका वाटायला नगरात गेले तशी मी त्या पुण्याच्या माणसाला स्वयंपाकघरात बोलावलं. ओट्यासमोरची जागा दाखवली. म्हटलं, "एवढ्यात बसवून द्या. ही टाइल कधीच सुकलीये, हिला कुणी पाणी पाजलेलं नाही."

"किचनमध्ये? ताई, अख्खा लुक तुटेल."

"तुटू द्या."

चहाच्या एका कपावर त्यानं ते करून दिलं. दोन माणसं कशीबशी उभी राहतील एवढी पट्टी. संध्याकाळी मी तिच्यावर उभी राहून भाकरी थापल्या आणि शेवटची भाकरी झाल्यावरही तिथेच उभी राहिले. काही काम नव्हतं. नुसती उभी.

यांनी ती पाहिली. "हे काय?"

"उरलेलं."

"साडू येतील त्या दिवशी वर पायपुसणं टाक. भिकारडं दिसतं."

मला बोलायची गरजच पडली नाही, कारण त्याच आठवड्यात हॉल बोलायला लागला. आधी टक असा आवाज यायचा. मग पट्ट्यांच्या कडा वर उचलल्या, बोट फिरवलं की कळायचं. मग हॉलाच्या मधोमध फुगवटा आला, खाली कुणीतरी कुशीवर झोपलंय असा. यांनी पुण्याला फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "सर, मी बोललो होतो." त्यानंतर तो फोन उचलेना.

मग सुरू झालं नाचता येईना अंगण वाकडं. कधी पुण्याचं साग कच्चं, कधी नगरची हवा वाईट, कधी गवंड्यानं कोबा मुद्दाम बिघडवला. पाण्याचं नाव नाही. फुगवट्यावर यांनी गव्हाची पोती ठेवली. ती उचलली की तो पुन्हा वर. मग भरलेला गॅस सिलिंडर ठेवला. मग स्वतः जाऊन उभे राहिले, हाताची घडी घालून, बराच वेळ. मी दारातून बघत होते. मला हसूही आलं आणि रागही आला. एवढा वेळ हा माणूस माझ्यासाठी एका जागी कधी उभा राहिला नव्हता.

शेवटी सतरंजी आणली. मोठी, निळी, मंडपवाल्याकडची. ज्या जमिनीसाठी एवढं सगळं केलं, ती साडूंना दिसू नये म्हणून झाकली.

वास्तुशांतीला भटजी म्हणाले होम हॉलाच्या मध्यात मांडू. हे म्हणाले, बाहेर पोर्चमध्ये मांडा, लाकडाला आच लागेल. म्हणजे वास्तूची शांती वास्तूच्या बाहेर. भटजींनी खांदे उडवले. मग गाय घरात घ्यायची वेळ झाली. आमच्या पलीकडच्या गोठेवाल्यानं आपली गाय धुऊन, शिंगांना हळदकुंकू लावून आणली. साडू पुढे, हातात मोबाईल, व्हिडिओ काढताहेत. गायीनं उंबऱ्याच्या आत एक पाय टाकला, खूर सागवानावर सरकला आणि ती थांबली.

गोठेवाला म्हणाला, "न्हाई यायची सायेब. पाय घसरतोय तिचा. लई शानी हाय ती."

"ओढा, ओढा. मुहूर्त जाईल," हे म्हणाले.

ओढली. गाय कशीबशी सतरंजीवर आली. तिथे पाय धरतोय असं कळल्यावर तिला बरं वाटलं असावं. तिनं शेपटी वर केली आणि मनसोक्त मोकळी झाली. भटजी आनंदानं म्हणाले, "शुभ! अति शुभ!" बायका पुढे झाल्या, बोटं बुडवून डोळ्यांना लावली. यांचा चेहरा मी आयुष्यभर विसरणार नाही. या शुभाला नको कसं म्हणायचं ते यांना कळेना.

गाय बाहेर नेली आणि साडू म्हणाले, "अहो, सतरंजी काढा लवकर, खाली मुरेल."

"राहू द्या," हे म्हणाले.

"राहू द्या काय? लाकूड आहे ना खाली?" साडूंनी एक कोपरा धरला, गोठेवाल्यानं दुसरा. सतरंजी उचलली गेली. पाहुण्यांनी भरलेल्या घरात आमचा सागवानी हॉल पाठीला पोक काढून उभा राहिला.

साडूंनी खाली बघितलं, चष्मा वर सरकवून पुन्हा बघितलं. "साडूभाऊ, हे डिझाइन आहे का?"

मला वाटलं होतं, हा क्षण आला की मला आनंद होईल. झाला. नाही कशाला म्हणू?

जेवणं उरकली, पाहुणे पांगले. संध्याकाळी आम्ही चौघंच उरलो. दोन्ही साडू हॉलात फुगवट्याच्या दोन बाजूंना खुर्च्या टाकून बसले आणि ओलाव्यावर चर्चा करू लागले. मी चहा टाकायला स्वयंपाकघरात आले. बहीण मागोमाग आली. दिवसभर बायकांच्या गर्दीत आम्हाला धड बोलताही आलं नव्हतं. तिचा पाय पायपुसण्यावर पडला आणि ती थबकली. तिनं पायानंच पायपुसणं बाजूला केलं.

"ताई, हे कधी केलंस?"

"उरलेल्यातून."

ती पट्टीवर उभी राहिली. दोन्ही पाय टेकवले, टाचा उचलल्या, पुन्हा टेकवल्या. मग म्हणाली, "सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल टाकलं की नको जीव होतो गं. भिंत धरून जाते मी."

मी गॅस बारीक केला. "तुझ्याकडे तर घरभर लाकडी आहे."

"हॉलात आहे. हॉलात मी असते कधी? केर काढायला आणि चहा द्यायला. स्वयंपाकघरात टाइल्सच आहेत. आमच्याकडेही तिथे चपला चालत नाहीत." मग हसली. "मी यांना म्हटलं होतं, ओट्यासमोर तेवढं टाका. म्हणाले, आत कोण बघतंय?"

घरोघरी मातीच्या चुली म्हणतात ते काही खोटं नाही. इतके दिवस मी हिच्या पायांचा हेवा करत होते. मी सरकून जागा केली आणि आम्ही दोघी त्या पट्टीवर खेटून उभ्या राहिलो, लहानपणी आईच्या एका शालीत बसायचो तशा. चहा उकळत होता.

हॉलातून यांचा आवाज आला, "अगं, चहा आणतेस ना?"

"इथे येऊन घ्या," मी म्हटलं.

असं उत्तर त्या घरात कुणी ऐकलं नव्हतं. मग खुर्च्या सरकल्या, फुगवटा टक वाजला आणि दोघं दारात येऊन उभे राहिले. पट्टीवर जागा नव्हती, त्यामुळे टाइलवरच उभे राहिले. साडूंनी आमच्या पायांखाली बघितलं.

"अरे वा! किचनमध्येही लाकूड?"

दिवसभरात पहिल्यांदा यांचा चेहरा उजळला. छाती पुढे आली. "मग! मुद्दाम करून घेतलंय," हे म्हणाले. "हिच्या टाचा फार दुखतात. सकाळी तर पाऊल टाकवत नाही बिचारीला. डॉक्टर म्हणालेत, कडक फरशीवर उभं राहायचं नाही."

बहिणीनं माझा हात धरला. चहा उतू जायला आला तरी मला तो खाली घ्यायचं सुचेना. म्हणजे यांना ऐकू येत होतं. खिळा, भिंत, पहिलं पाऊल, डॉक्टर, सगळं. पेपर उलटताना, मोबाईल उचलताना, प्रत्येक वेळी शब्द न् शब्द ऐकू आला होता.

मी गॅस बंद केला. चार कप भरले, दोन आमच्या दोघींसाठी ओट्यावर ठेवले आणि दोन या दोघांच्या पुढे सरकवले.

"पिऊन झाला की विसळून ठेवा," मी म्हटलं. "पाणी मारायची तुम्हाला सवय आहेच."